विजेवर चालणारा जुना सिमेंट मिक्सर : उपयोग आणि निगा

शेतकऱ्याचें बांधकाम कधीं संपत नाहीं. एका वर्षीं गोठ्याचा कोबा, दुसऱ्या वर्षीं विहिरीचा कठडा, तिसऱ्या वर्षीं पाण्याचा हौद, असें कांहीं ना कांहीं निघतच असतें. हीं कामें लहान असतात. त्यांसाठीं शहरांतून तयार काँक्रीटची गाडी मागविणें परवडत नाहीं, आणि पुष्कळ ठिकाणीं ती गाडी पाणंदींतून आंत येऊंही शकत नाहीं. म्हणून गवंडी आणि चार बिगारी लावून फावड्यानें माल कालविण्याची रीत खेड्यांत अजून चालू आहे. या रीतीस चांगला पर्याय म्हणजे विजेवर चालणारा लहान मिक्सर होय.

सहा वर्षांपूर्वीं आमच्या गांवच्या बारा खातेदारांनीं वर्गणी काढून असा एक जुना मिक्सर एका ठेकेदाराकडून विकत घेतला. आमची उभी हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेलेली. त्यामुळें त्याची वही ठेवण्याचें काम साहजिकच आमच्या गळ्यांत पडलें. आम्ही यंत्रविद्या शिकलेलों नाहीं. परंतु सहा वर्षें हें यंत्र कोणाच्या हातांत चांगलें चाललें, कोणाच्या हातांत बिघडलें, आणि एके दिवशीं एका माणसाच्या जिवावर कसें बेतलें, हें आम्हीं जवळून पाहिलें. त्यावरून जें समजलें तें शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहों.

हातानें कालविण्यांत नुकसान कोणतें?

काँक्रीटचें बळ केवळ सिमेंट किती घातलें यावर अवलंबून नसतें. सिमेंट व पाणी यांचा लेप वाळूच्या प्रत्येक कणास आणि खडीच्या प्रत्येक तुकड्यास सर्व बाजूंनीं बसला पाहिजे. फावड्यानें कालवितांना पहिला ढीग नीट कालविला जातो. दुपारनंतर हात थकतात, आणि थकलेला बिगारी माल सैल व्हावा म्हणून तांब्याभर पाणी जास्त ओततो. तें जास्तीचें पाणी पुढें उडून जातें आणि त्याच्या जागीं बारीक छिद्रें राहतात. असा कोबा जनावरांच्या खुरांखालीं दोन वर्षांत उखळतो. याच कारणानें सरकारी बांधकामांत हातानें माल कालवावयाचा असेल तर सिमेंट शेंकडा १० अधिक घालण्याचा परिपाठ आहे. म्हणजे दहा पोत्यांच्या कामास एक पोतें केवळ कालवणीच्या उणेपणापायीं जातें. मिक्सर तें पोतें वांचवितो. परंतु तो नीट वापरला तरच.

यंत्राची ओळख

आमचा मिक्सर अर्ध्या पोत्याचा आहे. ठेकेदार लोक त्यास ‘पांच-साडेतीन’ म्हणतात. यांतील पहिला आंकडा सुक्या मालाचा व दुसरा कालविलेल्या मालाचा, दोन्ही घनफुटांत. एक घनफूट म्हणजे सुमारें २८ लिटर. सिमेंटचें ५० किलोचें पोतें मापानें सुमारें ३५ लिटर भरतें. तेव्हां अर्धें पोतें सिमेंट, त्याच्या दुप्पट वाळू व चौपट खडी धरली तर सुका माल सुमारें १२२ लिटर, म्हणजे सव्वाचार घनफुटांच्या थोडा वर होतो व तो या ड्रममध्यें सुखानें मावतो. याहून जास्त भरल्यास माल तोंडावाटे सांडतो, खालचा माल कोरडा राहतो आणि मोटरवर भार पडतो.

यंत्राचे भाग थोडे आहेत. मोटर, तिच्यावरून फिरणारा पट्टा, पट्ट्यानें फिरणारें लहान दांतेरी चाक म्हणजे पिनियन, ड्रमच्या कमरेस बसविलेलें मोठें दांतेरी कडें, ड्रमच्या बुडाखालचा दांडा व त्याचे बेअरिंग, ड्रमच्या आंत माल उचलणारीं पातीं, आणि ड्रम कलता करण्याचें हातचाक. आमची मोटर दीड अश्वशक्तीची, सिंगल फेजवर चालणारी आहे. ती मिनिटास सुमारें १४४० फेरे घेते. पट्टा व दांते मिळून ही गति उतरवितात आणि ड्रम मिनिटास वीस-पंचवीस फेरे घेतो. गति उतरते त्या प्रमाणांत जोर वाढतो. म्हणूनच दांत्यांत सांपडलेलें बोट किंवा लुगड्याचा पदर सुटत नाहीं. दांत्यांवरील लोखंडी आच्छादन काढून ठेवलेला मिक्सर कोणी फुकट दिला तरी त्या आच्छादनाशिवाय चालवूं नये.

जुनें यंत्र घेतांना काय पाहावें?

नवा रंग पाहून भुलूं नये. प्रथम ड्रम हातानें फिरवून पाहावा. तो एकसारखा फिरला पाहिजे, मध्येंच अडतां किंवा डुलतां कामा नये. डुलत असल्यास बुडाचा बेअरिंग गेलेला समजावा. मोठ्या कड्याचे सर्व दांते मोजून पाहावेत. हें कडें बहुधा बिडाचें असतें. एखादा तुटलेला दांता वेल्डिंगनें भरला असेल तर तेथें पिनियन ठोके देतो व लवकर झिजतो. पातीं कांठाशीं झिजून पातळ झालीं असल्यास माल उचलला जात नाहीं, नुसता घसरतो. पातीं नवीन बसवितां येतात, म्हणून तेवढ्यासाठीं यंत्र नाकारण्याचें कारण नाहीं, किंमत मात्र उतरवून मागावी.

मोटरवरील पत्रा वाचावा. सिंगल फेज कीं तीन फेज, अश्वशक्ति किती, हें त्यावर असतें. तीन फेजची मोटर असेल तर दोन तारांची अदलाबदल झाल्यास ड्रम उलटा फिरतो व पातीं माल उचलण्याऐवजीं ढकलतात. योग्य दिशेचा बाण ड्रमवर रंगवून ठेवावा. वायरमनकडून मेगरनें मोटरच्या वेटोळ्याचा आणि सांगाड्याचा संबंध तपासून घ्यावा. ५०० व्होल्टच्या मेगरवर एक मेगओहमहून कमी भरल्यास वेटोळ्यांत ओल आहे किंवा आवरण जळालें आहे असें समजावें. आम्हीं यंत्र घेतांना ही तपासणी केली नाहीं. त्याचें प्रायश्चित्त काय मिळालें तें पुढें येईल.

वीज कोठून घ्यावी?

येथें एक गोष्ट कायद्याची सांगणें अवश्य आहे. शेतीपंपाची जोडणी पंपासाठीं मंजूर झालेली असते. तिच्यावर मिक्सर चालविणें हा २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ व्या कलमाप्रमाणें अनधिकृत वापर ठरतो व त्याची आकारणी होऊं शकते. काम मोठें असल्यास तात्पुरती जोडणी मागून घ्यावी.

दुसरी गोष्ट तारेची. दीड अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर सुमारें नऊ अँपिअर वीज घेते, आणि सुरू होतांना त्याच्या चार-पांच पट घेते. घरापासून काम पन्नास मीटर दूर असून तार एक चौरस मिलिमीटरची बारीक असेल, तर सुरू होतांना त्या तारेंतच सत्तर-ऐंशीं व्होल्ट खर्ची पडतात. मग मोटर नुसती घूं घूं करते, फिरत नाहीं, आणि दोन-चार मिनिटांत वेटोळें जळून वास सुटतो. लोक म्हणतात, यंत्र जुनें झालें. वस्तुतः दोष तारेचा असतो. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तीन पदरी केबल वापरावी, आणि ती गुंडाळीवरून पूर्ण सोडवून पसरावी. गुंडाळलेली केबल आंतल्या आंत तापते.

तार चांगली असूनही मोटर घूं घूं करून थांबत असेल तर बहुधा कंडेन्सर निकामी झालेला असतो, किंवा मोटरच्या आंतील बटणावर सिमेंटची धूळ बसलेली असते. कंडेन्सर स्वस्त असतो व वायरमन तो थोड्या वेळांत बदलतो. वीज बंद केली तरी कंडेन्सरमध्यें ती कांहीं वेळ सांठून राहते. म्हणून हौशी माणसानें त्यास हात लावूं नये.

माप, पाणी आणि वेळ

घमेल्यानें मोजण्याची संवय मोडली पाहिजे. एका बिगाऱ्याचें घमेलें सपाट, दुसऱ्याचें शिगोशीग. त्यांत माप राहत नाहीं. लांकडाची एक बुडाशिवायची पेटी करावी. आंतून लांबी ४० सेंटिमीटर, रुंदी ३५ व उंची २५. ही बरोबर ३५ लिटरची, म्हणजे एका पोत्याच्या मापाची होते. अर्ध्या पोत्याच्या घाण्यास वाळूची एक पेटी व खडीच्या दोन पेट्या, हें साध्या कोब्याचें एकास दोन-चार प्रमाण झालें. सिमेंट मात्र पेटीनें मोजूं नये. पोतें निम्में करून वजनानें घ्यावें.

वाळू दमट असेल तर ती फुगते. थोड्या ओलाव्यानें तिचें आकारमान शेंकडा वीस-पंचवीसपर्यंत वाढतें. अशा वेळीं पेटी भरलेली दिसली तरी वाळू कमीच पडते. त्या मानानें पेटीवर थोडी अधिक घालावी. अलीकडे नदीची वाळू दुर्मिळ झाल्यामुळें काळ्या दगडाची दळलेली वाळू सर्वत्र वापरतात. तींत पूड फार असेल तर पाणी जास्त मागते. मुठींत घेऊन टाकल्यावर हात पिठासारखा माखत असेल तर ती चाळून किंवा धुऊन घ्यावी.

पाण्याविषयीं भारतीय मानकाची मर्यादा स्पष्ट आहे. या प्रतीच्या काँक्रीटला ५० किलो सिमेंटमागें ३२ लिटरहून अधिक पाणी नको; म्हणजे अर्ध्या पोत्यास फार तर १६ लिटर, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. सळई घालून छताचें किंवा मोठ्या हौदाचें काम करावयाचें असल्यास हें प्रमाण पुरेसें नाहीं. तेथें जाणत्या अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

यंत्र नेहमीं रिकामें सुरू करावें आणि फिरत असतां भरावें. भरलेला ड्रम सुरू करणें म्हणजे चिखलांत रुतलेल्या गाडीस एकदम बैल जुंपण्यासारखें आहे. प्रथम थोडें पाणी व निम्मी खडी घालावी. त्यानें मागच्या घाण्याचा चिकटलेला लेप सुटतो. नंतर सिमेंट व वाळू, मग उरलेली खडी व उरलेलें पाणी. सर्व माल आंत गेल्यावर निदान दोन मिनिटें यंत्र फिरूं द्यावें. गवंडी घाई करतो. त्यास घड्याळ दाखवावें. ड्रम फार उभा ठेवल्यास माल बुडाशीं बसून राहतो. सांडणार नाहीं इतका आडवा ठेवला म्हणजे चांगला कालवतो.

घाणा चालू असतां वीज गेली, आणि आपल्याकडे ती जाणारच, तर प्रथम प्लग काढावा व मग ड्रम कलता करून फावड्यानें सर्व माल लगेच खालीं घ्यावा. ‘येईल आतां’ म्हणून वाट पाहात बसूं नये. आमच्या एका सभासदानें अशी तास-दीड तास वाट पाहिली. वीज आली तेव्हां ड्रम फिरेना. बटण दाबून धरल्यामुळें कंडेन्सर फुटला, आणि आंतील अर्ध्या पोत्याचा दगड फोडण्यास पुढचे दोन दिवस गेले.

फिरत्या ड्रममध्यें हात किंवा फावडें घालूं नये, हें सांगावयास नको असें वाटतें. पण सांगावें लागतें. ओलें सिमेंट कातडीस चुन्याप्रमाणें खातें, म्हणून बिगाऱ्यांस रबरी बूट व हातमोजे द्यावेत आणि अंगास लागलेला माल वरचेवर स्वच्छ पाण्यानें धुवावा.

एके दिवशींची हकीकत

तीन वर्षांपूर्वीं फाल्गुन महिन्यांत आमच्या एका सभासदाकडे गोठ्याचा कोबा चालला होता. दुपारची वेळ होती, जमीन सांडलेल्या पाण्यानें ओली होती आणि बिगारी अनवाणी होता. त्यानें खडीचें लोखंडी घमेलें ड्रमच्या कांठावर टेकविलें आणि तो तसाच ताठ झाला. हात सुटेना, शब्द फुटेना. शेजारीं वाळू चाळणारी त्याची बायको त्यास ओढण्यासाठीं धांवली. गवंड्यानें तिला मागें ढकललें आणि पडवींतील बटण बंद केलें. माणूस खालीं कोसळला. गवंड्याचें प्रसंगावधान नसतें तर त्या दिवशीं एक नव्हे, दोन जीव गेले असते. माणूस वांचला. बोटें भाजलीं, तीन दिवस दवाखान्यांत राहावें लागलें, आणि महिनाभर त्या हातानें जड काम झालें नाहीं. त्या महिन्याची मजुरी बारा खातेदारांनीं मिळून दिली.

त्याच संध्याकाळीं आम्हीं वायरमनसह यंत्राचा पंचनामाच केला. मोटरच्या वेटोळ्यांत ओल शिरली होती आणि वीज सांगाड्यावर उतरली होती. तसें जुन्या यंत्रांत होऊं शकतें. त्यासाठींच केबलमध्यें तिसरी हिरवी तार असते. परंतु आमच्या केबलची हिरवी तार प्लगच्या आंत तोडून काळ्या पट्टीखालीं दडविलेली सांपडली. कोणा सभासदाच्या घरीं तीन भोकांचें सॉकेट नव्हतें. त्यानें दोन कांट्यांचा प्लग बसविला आणि नको असलेली तार कापून टाकली. कोणीं कापली, तें आजतागायत कबूल झालेलें नाहीं.

आम्हीं वही काढली. मागील महिन्यांत यंत्र चार घरीं जाऊन आलें होतें. चारही ठिकाणीं ‘यंत्र ठीक परत आलें’ असा शेरा होता व त्याखालीं सही आमची होती. चारही वेळां आम्हीं ओसरीवर बसूनच सही केली होती. खालीं उतरून प्लग पाहिला नव्हता. जागेवर न जातां केलेल्या पाहणीचे कागद नोकरींत आम्हीं पुष्कळ पाहिले होते आणि त्यांस नांवें ठेविलीं होतीं. त्या दिवशीं तसा कागद आमच्याच हातचा निघाला.

अर्थची तार व गळतीचें बटण

पुष्कळांची समजूत अशी कीं, फ्यूज आहे म्हणजे भय नाहीं. ही समजूत घातक आहे. फ्यूज तारेचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. पंधरा अँपिअरचा फ्यूज वितळण्यास पंधरा अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. माणसाचें हृदय बंद पडण्यास त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो. आमच्या प्रसंगीं फ्यूज शेवटपर्यंत शाबूत होता.

अर्थची तार असली म्हणजे सांगाड्यावर उतरलेली वीज माणसांतून न जातां तारेनें जमिनींत जाते. त्यासाठीं घराचा अर्थ चांगला हवा. जस्ताचा मुलामा दिलेली सुमारें ४० मिलिमीटर व्यासाची, अडीच मीटर लांबीची नळी जमिनींत उभी पुरून भोंवतीं कोळसा व मीठ भरण्याची रीत आहे. उन्हाळ्यांत तींत पाणी ओतीत जावें. परंतु आमच्याकडील मुरुमाड जमिनींत एवढ्यानेंही भागत नाहीं. अर्थचा अडथळा समजा २० ओहम असला, तर २३० व्होल्टनें साडेअकरा अँपिअर प्रवाह जाईल, आणि पंधराचा फ्यूज तसाच राहून सांगाडा जिवंत राहील.

म्हणून अर्थच्या जोडीस गळती होतांच वीज तोडणारें बटण, ज्यास वायरमन आर.सी.सी.बी. म्हणतात, तें बसविणें अवश्य आहे. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला कीं, तें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच वीज तोडतें. आम्हीं तें एका डबींत बसवून मिक्सरच्या केबललाच कायमचें जोडलें आहे, म्हणजे यंत्र कोणाच्याही घरीं गेलें तरी बटण त्याच्याबरोबर जातें. त्यावर परीक्षेचें लहान बटण असतें. काम सुरू करण्यापूर्वीं तें दाबावें. वीज तुटली नाहीं तर त्या दिवशीं यंत्र चालवूं नये. उघड्या तारा आगकाडीनें सॉकेटांत खोंचण्याची रीत तर सर्वस्वी टाकून द्यावी.

कोणास धक्का बसलाच तर त्यास हात न लावतां प्रथम वीज बंद करावी. बटण दूर असेल तर कोरड्या लांकडानें त्यास बाजूस करावें. श्वास बंद असेल तर १०८ क्रमांकास कळवून, मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागीं दोन्ही हातांनीं मिनिटास शंभर ते एकशेंवीस वेळां जोरानें दाबीत राहावें.

संध्याकाळचा अर्धा तास

मिक्सरचें आयुष्य दिवसभराच्या कामानें जात नाहीं, संध्याकाळच्या आळसानें जातें. शेवटचा घाणा निघाला कीं यंत्र फिरतें ठेवून दोन घमेलीं खडी व दोन बादल्या पाणी आंत टाकावें आणि पांच ते दहा मिनिटें फिरूं द्यावें. खडी आंतला लेप घांसून काढते. नंतर तें ओतून प्लग काढावा आणि पात्यांच्या मागची बाजू ब्रशानें घांसावी. लेप प्रथम तेथेंच धरतो. खडी दुसऱ्या दिवशीं पहिल्या घाण्यांत वापरतां येते. धुतलेलें पाणी मात्र विहिरीकडे, हौदाकडे किंवा उभ्या पिकांत जाऊं देऊं नये. तें चुन्यासारखें तीव्र असतें.

जेवणाच्या सुटींतही हेंच करावें. सिमेंट अर्ध्या तासानंतर केव्हांही धरूं लागतें; तासाभराची सुटी यंत्रास फार होते.

कोणी म्हणेल, थोडासा थर राहिला तर काय बिघडतें? हिशेब करून पाहावा. एक चौरस मीटर जागेवर एक सेंटिमीटर जाडीचा थर बसला म्हणजे दहा लिटर काँक्रीट झालें. त्याचें वजन सुमारें २४ किलो. म्हणजे प्रत्येक फेऱ्यास मोटर अर्धें पोतें फुकट फिरविते आणि घाणाही तितका कमी होतो. असा थर बसल्यावर लोक हातोडा घेऊन ड्रम बाहेरून ठोकतात. पत्र्यास पोंचे पडतात, प्रत्येक पोंच्यांत पुढच्या वेळीं लेप अधिक घट्ट धरतो, आणि बिडाच्या कड्यास तडा जाण्याची भीति असते ती निराळीच. थर बसलाच तर प्लग काढून, आंतून छिन्नीनें हलक्या हातानें थोडाथोडा काढावा.

ड्रमच्या बाहेरच्या अंगास काम सुरू करण्यापूर्वीं तेलाचा पुसट हात फिरवावा, म्हणजे उडालेला माल चिकटत नाहीं. आंत तेल लावूं नये. मोटरवर पाणी मारूं नये; ओल्या फडक्यानें पुसावी.

ग्रीसविषयीं एक गैरसमज आहे. बेअरिंगास ग्रीस पाहिजेच. तें आठवड्याच्या कामानंतर भरावें. परंतु उघड्या दांत्यांवर ग्रीसचे गोळे थापूं नयेत. त्यांत वाळू व सिमेंट चिकटून तीच दांते खाणारी घांसणी होते. कारागिराच्या मतें दांत्यांस कांहीं लावावयाचेंच तर अगदीं पातळ हात फिरवावा. दांते कोरडे व स्वच्छ असणें हें थापलेल्या ग्रीसपेक्षां बरें. पट्टा दोन चाकांच्या मध्यें अंगठ्यानें दाबला असतां सुमारें सेंटिमीटरभर दबावा. फार ताणल्यास बेअरिंग जातो, सैल राहिल्यास पट्टा घसरून जळतो.

पावसाळ्यांतील ठेवण

ज्येष्ठांत यंत्र छपराखालीं घ्यावें. ड्रमचें तोंड खालीं करावें, म्हणजे पाणी सांठत नाहीं. चाकांखालीं फळ्या द्याव्यात. मोटरवर ताडपत्री गच्च बांधूं नये. आंतली ओल बाहेर पडत नाहीं आणि वेटोळें भिजतें. वरून आच्छादन असावें, बाजूनें वारा खेळावा. आमच्या मोटरच्या पंख्याच्या जाळींत कुंभारमाशीनें मातीचीं घरें केलीं होतीं व वारा बंद होऊन मोटर तापत होती. म्हणून दिवाळीनंतर प्रथम जाळी साफ करावी, मोटर दोन दिवस उन्हांत ठेवावी, मेगरनें तपासावी आणि मगच वीज जोडावी.

वहीचे नियम

सामाईक खात्याची जमीन पडीक राहिलेली आम्हीं नोकरींत पुष्कळ पाहिली. प्रत्येक हिस्सेदार म्हणतो, दुसरा बांध घालील. सामाईक यंत्राचेंही तसेंच होतें. त्या प्रसंगानंतर आम्हीं वहींत नवीन रकाने आंखले, व पुढील नियम बारा जणांच्या सह्यांनीं ठरविले :

(१) यंत्र नेणारा व परत घेणारा या दोघांनीं यंत्राजवळ उभें राहून सही करावी. ओसरीवर सही होणार नाहीं.

(२) परत घेतांना प्लग उघडून हिरवी तार पाहावी व गळतीच्या बटणाची परीक्षा करावी. दोन्हींचा स्वतंत्र रकाना आहे.

(३) ड्रममध्यें हात फिरवून पाहावा. थर लागल्यास यंत्र परत घेतलें जाणार नाहीं, आणि थर निघेपर्यंत दिवसाचें भाडें चालू राहील.

(४) ज्याच्या घरीं तीन कांट्यांचें सॉकेट व चालू अर्थ नाहीं, त्यास यंत्र मिळणार नाहीं. मग तो वर्गणीदार असो वा पंच असो.

(५) मोडतोड झाल्यास ती लपवूं नये. सांगितल्यास दुरुस्तीचा खर्च सामाईक. लपविल्यास ज्याचा त्यास.

शेवटच्या नियमावर बराच वाद झाला. तो सौम्य आहे, असें कांहींचें म्हणणें पडलें. आमचें म्हणणें असें पडलें कीं, दंडाच्या भीतीनें माणूस तार काळ्या पट्टीखालीं दडवितो. खर्च वांटला जाणार असेल तर तो खरें सांगतो. गेल्या तीन वर्षांत पांच वेळां मोडतोड झाली व पांचही वेळां ती आणणाऱ्यानेंच आपण होऊन सांगितली. चौथ्या नियमामुळें दोन सभासद रागावले. पुढें दोघांनींही घरीं अर्थ करून घेतला.

तो बिगारी अजून आमच्या गांवांतच काम करतो. मिक्सर आला कीं घमेलें उचलण्यापूर्वीं तो मालकास प्लग उघडून दाखवावयास सांगतो, आणि तोंपर्यंत बाजूस उभा राहतो. पहिल्या वर्षीं लोक त्यास हंसत. आतां कोणी हंसत नाहीं. त्याच्या मागें इतर बिगारीही उभे राहतात. आपल्या दारीं मिक्सर येईल तेव्हां मजुरांस तसें सांगावें लागूं नये, मालकानेंच प्रथम प्लग उघडावा, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.